खाडीत पिल्लं सोडली म्हणजे जिताडा परत येतो का?

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रात एक फोटो हमखास येतो. जेट्टीच्या पायरीवर चार-पाच पाहुणे वाकून उभे असतात, कुणाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, कुणाच्या हातात बादली, आणि पाण्यात माशांची इवली इवली पिल्लं पडत असतात. खाली ओळ असते, अमुक लाख मत्स्यबीज सोडलं. धरणं-तलावांत हे वर्षानुवर्षं चालू आहे, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून नद्यांतही होतं. खाड्यांचा विषय निघाला की हाच उपाय सगळ्यात आधी पुढे येतो. जिताडा मिळेनासा झालाय ना, मग हॅचरी काढा आणि पिल्लं सोडा! कोळीवाड्यातली जाणती माणसं हे म्हणतात, आणि शनिवार-रविवारी रॉड घेऊन मुंबई-पुण्याहून गरवायला येणारे हौशीही हेच म्हणतात.

मागणी चुकीची नाही. जगात काही ठिकाणी याच वाटेनं मासा परत आलाय. पण काही ठिकाणी पिढ्यानपिढ्या पिल्लं सोडूनही हाती काही लागलेलं नाही. हा फरक कशानं पडतो ते कळलं, तर आपल्या खाडीसाठी नेमकं काय मागायचं तेही कळेल.

जिताडाच का?

रायगडात जिताडा, काही भागांत खजुरा, तळकोकणात आणि गोव्यात चोणाक. ऑस्ट्रेलियात यालाच बारामुंडी म्हणतात. अलिबाग, पेण, उरणच्या खारेपाटात भाताच्या शेतालगतच्या तळ्यांत खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्लं वाढवायची जुनी रीत आहे. पाहुणा मोलाचा असेल तर तळ्यातला जिताडा काढायचा, हे तिथल्या घरांत वेगळं सांगावं लागत नाही.

गरवणाऱ्यांना तो वेगळ्या कारणानं हवा असतो. खडकाच्या किंवा तिवराच्या मुळांच्या आडोशाला तो दबा धरून बसतो. तोंड उघडलं की भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जातं आणि पाण्यावर थप्प असा आवाज येतो. गरी लागली की उसळी मारून डोकं झटकतो. गालफडाची कड इतकी धारदार की दोरी तिथं घासली तर कापलीच, आणि बेसावध हातही. रात्री बॅटरीचा झोत पडला की त्याचे डोळे तांबूस-सोनेरी चमकतात. वाढायला मिळालं तर हा मासा माणसाच्या उंचीएवढा होऊ शकतो.

थोडक्यात, एकाच माशावर तीन घरांची नजर असते. पोटासाठी पकडणारा कोळी, तळ्यात वाढवणारा शेतकरी आणि खेळ म्हणून गरवणारा पाहुणा. त्यामुळे त्याच्याबद्दलचा कुठलाही नियम या तिघांना एकत्र बसवून करावा लागतो. ते पुढे येईलच.

आधी नर, मग मादी

जिताड्याचं आयुष्य समजलं नाही तर बाकीचं काही समजत नाही, म्हणून इथं जरा थांबू.

जिताडा अंडी घालतो खाडीच्या तोंडाशी, समुद्राचं खारं पाणी असतं तिथं. गोड्या पाण्यात त्याची अंडी तगत नाहीत. पावसाळ्याच्या आसपास, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांच्या सुमाराला नर-मादी तोंडाशी जमतात. अंडी मिलिमीटरपेक्षाही लहान, पाण्यावर तरंगणारी. दिवसभराच्या आत ती फुटतात. मग भरतीचं पाणी ही पिल्लं खाडीत आत आणतं, कांदळवनाच्या मुळांत, खाजणात म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीत, पावसानं भरलेल्या पाणथळीत. तिथं पाणी उथळ, खायला कोळंबीची आणि इतर माशांची बारीक पिल्लं भरपूर, आणि मोठे मासे शिरत नाहीत.

पुढची काही वर्षं तो निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यात, नदीत वरपर्यंत जाऊन वाढतो. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की पुन्हा खाडीच्या तोंडाकडे उतरतो, आणि उतरतो तो नर म्हणून. जवळपास प्रत्येक जिताडा आधी नर असतो. काही हंगाम नर म्हणून घालवल्यावर, म्हणजे वयाच्या साधारण सहा ते आठ वर्षांनंतर, त्याचं शरीर बदलतं आणि तो मादी होतो. पाण्याच्या उबेप्रमाणे आणि खाण्याप्रमाणे हे वय थोडं मागेपुढे होतं, पण क्रम तोच.

याचा अर्थ असा की खाडीतली अंडी घालणारी प्रत्येक मादी ही अनेक वर्षं जाळ्यांतून, गऱ्यांतून, रसायनमिश्रित पाण्यातून वाचलेला मासा आहे. लहान आणि मधले जिताडे आपण उचलत राहिलो, तर मादी होण्याइतकं वय कुणाला मिळतच नाही. आणि नेमक्या वाचलेल्या मोठ्या माशाचा फोटो काढून तोच कापला, तर खाडीत नुसते नर उरतात. इतर बऱ्याच माशांत हा धोका एवढा नसतो, कारण त्यांच्यात लहान आकारातही माद्या असतात.

हॅचरीत नेमकं होतं काय?

हॅचरी म्हणजे माशांची अंडी माणसाच्या देखरेखीखाली फळवून पिल्लं वाढवण्याची जागा. त्यासाठी वापरलेल्या आई-बाप माशांना प्रजनक म्हणतात. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं ते जिरं, थोडं वाढलं की बीज, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. एवढे शब्द पुरेत.

थायलंडमध्ये जिताड्याचं कृत्रिम प्रजनन 1970 च्या दशकात साधलं. आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं, म्हणजे सीबानं, 1997 मध्ये ते करून दाखवलं. तमिळनाडूत राजीव गांधी जलजीवपालन केंद्राची जिताड्याची हॅचरीही आहे. म्हणजे हे तंत्र देशात आहे, परदेशातून आणायचं नाही.

काम मात्र नाजूक. मोठ्या टाक्यांत खारं पाणी ठेवून त्यात वर्षानुवर्षं सांभाळलेले प्रजनक असतात. योग्य वेळी संप्रेरक देतात, दीड-एक दिवसानं रात्री मासे अंडी सोडतात. तरंगणारी अंडी बारीक जाळीत गोळा होतात. पिल्लांचं तोंड दोन-तीन दिवसांनी उघडतं, आणि ते इतकं बारीक असतं की त्यांना आधी रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, नंतर आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्लं खाऊ घालावी लागतात. हे खाद्यसुद्धा हॅचरीतच वाढवायचं असतं.

आणि मग सुरू होतं निवडण्याचं काम. जिताडा भावंडांना खातो. टाकीत एखादं पिल्लू बाकीच्यांपेक्षा जरा पुढे गेलं की ते आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठं भावंडही गिळायला बघतं. कधी पाहाल तर एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर लोंबत असते, गिळताही येत नाही, टाकताही येत नाही, दोघंही मरतात. म्हणून दर काही दिवसांनी अख्खी टाकी चाळण्यांतून काढून लहान, मधली, मोठी अशी पिल्लं वेगळी करतात. हे करणारा माणूस पाण्यात हात घालून तासन्‌तास बसलेला असतो. जिताड्याचं बीज महाग का, याचं निम्मं उत्तर या चाळणीत आहे.

पिंजऱ्यातला जिताडा आणि खाडीतला जिताडा

इथं एक गल्लत नेहमी होते. कांदळवन प्रतिष्ठानच्या उपजीविका योजनेतून कोकणात खाडीत पिंजरे लावून जिताडा वाढवण्याचे प्रयत्न झालेत. ते चांगलेच आहेत. गावातल्या गटाला उत्पन्न मिळतं, आणि कांदळवन राखण्यात त्यांचा फायदा जोडला जातो. पण पिंजऱ्यातला जिताडा विकायला वाढवलेला असतो. दीड-दोन वर्षांत तो बाजारात जातो, अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी उतरत नाही. त्यानं खाडीतला जिताडा वाढत नाही.

खाडीत सोडायचं पिल्लू ही वेगळी गोष्ट आहे. त्याला स्वतः शिकार करता आली पाहिजे, स्वतः लपता आलं पाहिजे, आणि सहा-आठ वर्षं जगून मादी होता आलं पाहिजे. पिंजऱ्यासाठी लवकर वाढणारं बीज हवं असतं. खाडीसाठी याच पाण्यात टिकलेल्या आई-बापांचं, आणि एकदोन नव्हे तर अनेक जोड्यांचं बीज हवं. मोजक्याच प्रजनकांची लाखो पिल्लं सोडली तर पुढची पिढी सगळी एकमेकांची सख्खी भावंडं. एक साथ आली की सगळीच झोपतात. जिताड्याच्या पिल्लांत मज्जासंस्थेवर हल्ला करणारा एक विषाणू आढळतो, त्याची तपासणी केल्याशिवाय एकही पिल्लू खाडीत जाता कामा नये.

तरवा आणि वाफा

भातशेती करणाऱ्याला हे एका वाक्यात कळेल. हॅचरी म्हणजे तरवा, लावणीआधी वेगळ्या जागी वाढवलेली भाताची रोपं. तरवा उत्तम उगवला तरी शेताचा बांध फुटलेला असेल, वाफ्यात पाणी ठरत नसेल, तर लावणीला अर्थ नाही. उलट शेत उत्तम असेल पण तरवा कमी पडत असेल, तर बाहेरून आणलेल्या चार मुडी पीक वाचवतात. म्हणून पहिला प्रश्न पिल्लं किती सोडली हा नसतो. खाडीत कमी कशाची आहे, पिल्लांची की पिल्लं जगण्याच्या जागेची, हा असतो. पुढची सगळी उदाहरणं या प्रश्नाभोवती फिरतात.

जिथं जमलं तिथं

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात रेड ड्रम नावाचा मासा आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ खाड्यांत वाढतो, मोठा झाला की खोल समुद्रात उतरतो, गळाला लागला तर चांगला झगडतो. 1970 च्या दशकात तो झपाट्यानं घटला. 1977 मध्ये ह्यूस्टनच्या गरवणाऱ्यांनी संघटना काढली. नायलॉनच्या एकतारी गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांपाशी अडकवणारी जाळी, बंद झाल्या, आणि 1981 मध्ये कायदा होऊन या माशाची व्यापारी मासेमारी थांबली. त्यानंतर गरवणारे, सरकार आणि एक वीज कंपनी यांच्या पैशातून कॉर्पस क्रिस्टीला हॅचरी उभी राहिली. तिथं टाक्यांतला उजेड आणि पाण्याची उब बदलून माशांना वर्षाचे ऋतू काही महिन्यांतच अनुभवायला लावतात, त्यामुळे ते हवं तेव्हा अंडी घालतात. इंच-दीड इंचाची पिल्लं खाड्यांत सोडतात.

पण सगळ्यात हुशारीचा नियम आकाराचा होता. टेक्सासात साधारणपणे 20 ते 28 इंच, म्हणजे सुमारे 51 ते 71 सेंटिमीटर लांबीचाच रेड ड्रम ठेवता येतो. त्याहून लहान सोडायचा, आणि मोठाही सोडायचा. मोठा मासा 28 इंचांच्या पुढे गेला की अंडी घालणाऱ्यांत सामील होतो. याच सुमारास न्यू ऑर्लीन्सच्या एका खानसाम्याची मसाला लावून काळपट भाजलेल्या रेडफिशची पाककृती देशभर गाजली. खाड्या बंद, म्हणून पर्ससीनवाले, म्हणजे अख्ख्या थव्याला जाळ्यानं वेढणारे, खोल समुद्रातल्या मोठ्या माशांच्या थव्यांवर तुटून पडले, आणि केंद्र सरकारला तिथंही मासेमारी थांबवावी लागली. पर्ससीनचा वाद आपल्याकडे रोजचा असल्यानं हा भाग कोकणी वाचकाला ओळखीचा वाटेल.

रेड ड्रम परत आला. कशानं आला, हॅचरीनं की जाळी थांबल्यानं? तिथले शास्त्रज्ञही हे पूर्ण वेगळं काढून दाखवू शकत नाहीत, कारण सगळं एकाच वेळी झालं. माझ्या मते ही कमजोरी नाही. एकटी हॅचरी तिथं कुणी करूनच पाहिली नाही, आणि तेच शहाणपणाचं होतं.

आपल्याकडचं उदाहरण घाटमाथ्यावर आहे. लोणावळ्याला वळवणच्या हॅचरीत टाटा पॉवर 1970 च्या दशकापासून महासीर माशाचं प्रजनन करते. महासीर म्हणजे गरवणाऱ्यांचा मानाचा मासा. धोक्यात आलेल्यांच्या जागतिक यादीत असलेला निळ्या परांचा महासीर आज त्या यादीतून बाहेर आहे, आणि त्यात या हॅचरीचं नाव आदरानं घेतलं जातं.

जिथं फसलं तिथं

त्याच महासीराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही पिल्लं देशातल्या इतर नद्यांतही सोडली गेली. कावेरीत मुळात वेगळा, कुबड असलेला, भगव्या परांचा प्रचंड महासीर होता. बाहेरून आलेला निळ्या परांचा तिथं फोफावला, आणि मूळचा आज अत्यंत धोक्यात आहे. त्याचं शास्त्रीय नाव पक्कं व्हायलाच 2018 उजाडलं. हेतू चांगला होता, मासाही चांगला होता, नदी मात्र त्याची नव्हती.

कॅलिफोर्नियात व्हाइट सीबास या माशासाठी 1990 च्या दशकात कार्ल्सबादला हॅचरी सुरू झाली. वीस लाखांहून जास्त पिल्लं सोडली. प्रत्येक पिल्लाच्या गालात सुईच्या टोकाएवढी धातूची खूण घातली होती, म्हणून नंतर मोजता आलं. पकडलेल्या माशांत हॅचरीच्या माशांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी निघाला. वाईट वाटण्यासारखं आहे, पण त्यांनी मोजलं म्हणून कळलं, हे विसरू नये.

नॉर्वेतलं प्रकरण आणखी जुनं. फ्लोडेविगन इथं 1880 च्या दशकात कॉड माशाची हॅचरी निघाली आणि अंड्यातून नुकती निघालेली कोट्यवधी जिरी समुद्रात सोडायला लागले. ते काम 1971 पर्यंत चाललं. त्यानं कॉड वाढला याचा पुरावा मिळाला नाही. इतकं लहान जिरं सोडणं म्हणजे समुद्रातल्या इतर माशांना जेवण वाढणं. निसर्गातही कोट्यवधींतली मोजकीच जगतात, त्यात माणसानं आणखी काही कोटी टाकल्यानं फरक पडत नाही. म्हणून सोडायचं ते बोटुकली झाल्यावर, तेही भरती चढताना, कांदळवनाच्या कडेला पाच-सहा ठिकाणी विभागून. जेट्टीवरून एकाच जागी ओतलेली पिशवी फोटोपुरतीच.

"एक मादी एवढी अंडी घालते, मग हॅचरी हवीच कशाला?"

मोठी मादी एका हंगामात लाखो, फारच मोठी असेल तर कोटींच्या घरात अंडी घालते. एक टाकीभर प्रजनकांची सगळी मेहनत एक दांडगी मादी एका उधाणाला करून जाते. तेव्हा शंका बरोबर आहे. जिथं खाडीच्या तोंडाशी अजून मोठ्या माद्या येतात, तिथं पहिला पैसा त्यांना वाचवण्यात घालावा. हॅचरी उपयोगी पडते ती जिथं माद्याच उरलेल्या नाहीत पण कांदळवन आणि पाणी शाबूत आहे, अशा खाडीत.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये पूर्व किनाऱ्यावर 58 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठी बारामुंडी ठेवता येत नाही, आणि अंड्यांच्या हंगामात, नोव्हेंबर ते जानेवारी, ती पकडण्यावरच बंदी असते. तिकडचा तो उन्हाळा-पावसाळा. मासा तोच, जो आपल्या खाडीत आहे.

महाराष्ट्रानं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. पाऊल चांगलं आहे. पण किमान आकार लहान मासा वाचवतो. आधी नर आणि मग मादी होणाऱ्या जिताड्यासाठी वरचीही मर्यादा लागते. खालून आणि वरून आकार बांधून दिला की मधल्या पट्ट्यातला मासा खायला-विकायला मोकळा राहतो, आणि त्यातून निसटलेला मादी होऊ शकतो.

"पावसाळी बंदी आहेच की"

आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. पण ती समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे, आणि ती असायलाच हवी, कारण पावसात त्या घरांची चूल त्याच होडीवर पेटते. अडचण अशी की जिताडा अंडी घालतो ते खाडीच्या तोंडाशी आणि त्याची पिल्लं वाढतात ती खाडीच्या आत. समुद्रातली बंदी पापलेटला, बांगड्याला आधार देते. जिताड्याला तिचा फारसा उपयोग नाही.

पावसानंतर खाडीत ओहोटीच्या ओढीला लावलेली बोक्शी, म्हणजे पिशवीसारखं बारीक जाळं, कधी जवळून बघा. खोळ सोडून टोपलीत उलटी केली की जवळा, बारीक कोळंबी, खेकड्यांची पोरं, बोयांची पिल्लं यांचा चिखलात लडबडलेला ढीग पडतो. त्यात बोटाच्या पेराएवढी, तपकिरी ठिपक्यांची, नाकापासून पाठीपर्यंत पांढरी रेघ असलेली पिल्लं दिसतील. ती जिताड्याची. मोठेपणी ती रेघ जाते, मासा रुपेरी होतो, म्हणून बरेच जण ओळखतही नाहीत. त्या टोपलीत त्यांना किंमत नाही, जवळ्याबरोबर ती वाळत पडतात. हॅचरीत एवढंच पिल्लू तयार करायला महिना-दीड महिना जातो.

"म्हणजे पुन्हा आमच्याच पोटावर पाय?"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. टेक्सासात कायद्यानं मासा खेळणाऱ्यांसाठी राखला आणि विकून जगणाऱ्यांना बाहेर काढलं. ते आपल्याकडे होता कामा नये. कोकणात खाडीवर पहिला हक्क तिथं पिढ्यानपिढ्या जाळं टाकणाऱ्यांचा आहे, शनिवारी गाडी घेऊन येणाऱ्याचा नाही. मी हे गरवण्याची आवड असूनही म्हणतो.

म्हणून सुरुवात पाहुण्यांपासून व्हावी. हौशी गरवणाऱ्यानं दिवसाला एक जिताडा, तोही ठरलेल्या आकाराचा, बाकीचे पाण्यात. सोडायचा तर ओल्या हातानं धरायचा, गालफडात बोट घालून लोंबकळत ठेवायचा नाही, फोटो पाण्याच्या जवळच. टोकाजवळचा उलटा काटा चपटा केलेली गरी वापरली तर ती पटकन निघते. गरवण्याची फी घ्यायची आणि ती गावच्या मच्छीमार सहकारी सोसायटीच्या खात्यात जावी. क्वीन्सलँडमध्ये मासे सोडलेल्या धरणांवर गरवायला परवाना लागतो आणि त्याचे पैसे पुन्हा पिल्लं सोडायलाच वापरतात, हे काही अवघड गणित नाही. बोक्शी काही आठवडे बारीक जाळीनं न लावण्याबद्दल, खोळीतली जिताड्याची पिल्लं जिवंत परत सोडण्याबद्दल त्या सोसायटीनं त्या पैशातून घरांना मोबदला द्यावा. ज्याला ती पिल्लं नेमकी कुठं सापडतात ते माहीत आहे, त्याच्याशिवाय हे काम होणारच नाही.

खाडीचं काय?

वाशिष्ठीत, सावित्रीत, पाताळगंगेच्या खाडीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या आहेत! कारखान्यांचं पाणी प्रक्रिया न करता सुटलं तर एका रात्रीत मरतात ते नुसते विकायचे मासे नसतात, पुढच्या सहा वर्षांच्या माद्या असतात. अशा खाडीत बोटुकली सोडणं हा सरळ अपव्यय आहे. आधी पाणी, मग पिल्लं, हा क्रम हॅचरीच्या प्रस्तावातच लिहिलेला हवा.

उघाडीचा प्रश्न कमी बोलला जातो. खारभूमीच्या बांधातली उघाडी ओहोटीला उघडते, पावसाचं पाणी बाहेर जाऊ देते आणि भरतीला मिटते, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. शेतकऱ्यासाठी ती जीव की प्राण. पण भरतीबरोबर आत यायला निघालेल्या जिताड्याच्या पिल्लासाठी तिथंच वाट संपते. ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी भरतीच्या सुरुवातीला थोडंच पाणी आणि पिल्लं आत घेऊन मग मिटणारी दारं बसवली आहेत. सगळीकडे चालणार नाहीत. जिथं बांधाआतली जमीन पडीक पडून खाजण झालीय, आणि रायगड-रत्नागिरीत अशी जमीन कमी नाही, तिथं मात्र शेतकऱ्याचं भात न घालवता हे करून पाहता येईल. एक अशी उघाडी दर उधाणाला जेवढी पिल्लं आत घेईल, तेवढी विकत आणायला किती पैसे लागतील याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

"मग हॅचरी मागायची की नाही?"

मागायची. रत्नागिरीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, माणसं शिकलेली आहेत. पण मागताना अटींसकट. प्रजनक कोकणच्या खाड्यांतलेच आणि दर काही वर्षांनी बदललेले. पूर्व किनाऱ्यावरून आणलेलं बीज पिंजऱ्यांपुरतं. सोडलेल्या पिल्लांच्या आई-बापांचा जनुकीय नमुना जपून ठेवायचा, म्हणजे पुढे जेट्टीवर आलेल्या माशाच्या पराचा तुकडा तपासून तो हॅचरीचा की खाडीचा हे सांगता येईल. सुरुवात सगळ्या किनाऱ्यावर नको. पाणी बरं असलेल्या, कांदळवन टिकलेल्या एकदोन खाड्या घ्याव्यात आणि शेजारची एखादी खाडी पिल्लं न सोडता तशीच ठेवावी, तुलनेसाठी.

आणि घाई नको. या श्रावणात सोडलेली बोटुकली तीन-चार वर्षांनी नर म्हणून खाडीच्या तोंडाशी उतरेल, मादी व्हायला त्यानंतर आणखी तीन-चार वर्षं. त्या आधी "जिताडा परत आला" असं कुणी जाहीर केलं तर ते सोडलेलेच मासे पुन्हा पकडून मोजलेले असतील. म्हणून हॅचरीचा प्रस्ताव गावात आला की पिल्लं सोडण्याच्या खर्चाशेजारी आठव्या वर्षीच्या मोजणीचा खर्च लिहिला आहे का, आणि जेट्टीवर रोज जिताड्याची लांबी टिपून ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद आहे का, हे सोसायटीच्या सभेत उभं राहून विचारा.